साडेअडतीस गोळ्या

डॉक्टरांच्या अक्षरावर विनोद करण्याची मक्तेदारी पूर्वी दिवाळी अंकांकडे होती. अलीकडे ती उच्च न्यायालयांनी आपल्याकडे घेतली आहे. २०१८ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने तीन डॉक्टरांना पाच-पाच हजारांचा दंड ठोठावला, कारण त्यांनी लिहिलेले जखमांचे अहवाल कोर्टात कुणालाच लागेनात. २०२४ च्या जानेवारीत ओरिसा उच्च न्यायालयाने फर्मावलं की औषधांच्या चिठ्ठ्या आणि शवविच्छेदनाचे अहवाल कॅपिटलमध्ये, नाहीतर निदान सुवाच्य तरी लिहा. २०२५ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयात एका जामीन अर्जासोबत वैद्यकीय अहवाल आला; त्यातला शब्द सोडाच, एक अक्षरही न्यायमूर्तींना लागलं नाही. त्यांनी थेट सांगून टाकलं की वाचता येईल अशी चिठ्ठी मिळणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. संगणकीय चिठ्ठ्या सुरू करायला दोन वर्षांची मुदत, तोवर कॅपिटल अक्षरं. वैद्यक परिषदेने तर हे २०१६ सालीच नियमात घालून ठेवलं होतं: जेनेरिक नावं, सुवाच्य, शक्यतो कॅपिटल. तिच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ ला नवे नियम काढले, त्यात शक्यतो टाइप करून छापा असंही म्हटलं. जेनेरिकच्या सक्तीवरून डॉक्टरांच्या संघटनांनी असा गलका केला की २३ ऑगस्टला सगळेच नियम स्थगित झाले. साधी कावीळसुद्धा याहून जास्त दिवस मुक्काम करते.

सगळ्यांचं निदान एकच: रोग म्हणजे अक्षर, औषध म्हणजे संगणक. औषध बरोबर आहे. दवाखान्यात चिठ्ठी संगणकावरच लिहिली जावी, याबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती निदानाबद्दल. वाईट अक्षर ही वाईटच सवय, पण ती एक काम फुकटात करून द्यायची: वाचणाऱ्याला ती संशय घ्यायला लावायची. छापील चिठ्ठी आली की अक्षराबरोबर तो संशयही सेवानिवृत्त होतो, आणि त्याच्या रिकाम्या जागेवर कुणाची नेमणूक करायची असते, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

हा संशय कसा चालायचा ते बघण्यासारखं आहे. मेडिकलच्या काउंटरवर हाताने लिहिलेली चिठ्ठी वाचली जात नाही, ओळखली जाते. समजा, कागदावर एक बऱ्यापैकी ओळखू येणारा 'एम' आहे, त्यापुढे नागमोडी रेघ, मग ४०० की ५०० असा आकडा आणि शेवटी १-०-१. काउंटरमागचा माणूस आधी लेटरहेड बघतो. डॉक्टर बालरोगतज्ज्ञ असतील तर अर्धी कपाटं बाद. मग तो पेशंटकडे बघतो. मग त्याला महिना आठवतो: जुलैत गुडघाभर पाण्यातून चालत आलेल्यांना काय लिहून देतात, हे त्याला पाठ असतं. मग या डॉक्टरांकडे सध्या कोणत्या कंपनीचा एमआर येतोय याचा हिशेब होतो, त्यानं निम्मी रेघ उलगडते. एवढं करूनही अडलं की तो विचारतो, 'काका, काय त्रास होतोय? जुलाब का?' काका दुखावल्यासारखे म्हणतात, 'छे हो, शुगर.' आणि मेट्रोनिडाझोलकडे निघालेला हात मेटफॉर्मिनच्या खणाकडे वळतो. तरीही नाहीच जमलं तर दवाखान्यात फोन, आणि पलीकडून ठरलेलं उत्तर: 'डॉक्टर पेशंटमध्ये आहेत, जरा वेळानं करा.'

या चौकशीचं कौतुक करण्यात अर्थ नाही. ती नाइलाजानं होते, आणि सात ते नऊच्या गर्दीत बहुधा होतच नाही. शिवाय असं अक्षर ओळखणारा माणूस त्या दवाखान्याच्या खालच्या मेडिकलमध्येच असतो. सांगलीची चिठ्ठी पुण्यात आणली की ती मोडी कागदपत्रांच्या दर्जाला पोहोचते, फरक इतकाच की मोडीचे जाणकार पुण्यात सापडतात. पण ओळखण्याच्या या पद्धतीचा कणा कोणता, ते काकांच्या एका शब्दानं दाखवून दिलं. अक्षर लागलंच नाही. औषध कशासाठी आहे ते कळलं, म्हणून औषध कळलं.

संशय घेतला नाही तर काय होतं, याचा नमुना इंग्लंडातल्या एका खटल्यात आहे. १९८९ साली तो अपील कोर्टात निकालात निघाला. दम्याच्या रुग्णाला छातीत जंतुसंसर्ग झाला म्हणून डॉक्टरांनी दम्याच्या औषधांबरोबर ॲमॉक्सिल हे अँटिबायोटिक लिहिलं. औषधवाल्यानं ते वाचलं डाओनिल, म्हणजे मधुमेहाची गोळी. रुग्णाला मधुमेह नव्हताच. त्याची साखर इतकी उतरली की मेंदूला कायमची इजा झाली. नुकसानभरपाई सुमारे १ लाख १९ हजार पौंड. आता मजा अशी की कोर्टानं वाईट अक्षराच्या डॉक्टरवर जबाबदारी टाकली एक चतुर्थांश, आणि औषधवाल्यावर तीन चतुर्थांश. कारण चिठ्ठीवर संशय घ्यायला जागाच जागा होती: दिवसातून तीनदा घ्यायला सांगितलं होतं, ताकद डाओनिलशी जुळत नव्हती, शेजारची सगळी औषधं छातीची होती, आणि त्या देशात मधुमेह्यांना औषधं फुकट मिळत असताना हा माणूस काउंटरवर मुकाट्यानं पैसे मोजत होता. अक्षर खराब असणं हा गुन्हा, पण शंका न येणं हा तिप्पट गुन्हा, असं हे गणित आहे.

तरीसुद्धा संगणकाच्या बाजूचा पुरावा भक्कम आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये हृदयरोग्याला लिहिलेलं आयसॉर्डिल हे औषध प्लेंडिल म्हणून वाचलं गेलं, रुग्ण दगावला, आणि १९९९ साली ज्यूरीनं साडेचार लाख डॉलर भरपाई डॉक्टर आणि औषधदुकान यांच्यात निम्मी-निम्मी वाटून दिली. इन्सुलिनच्या दहा युनिटपुढचा 'यू' जरा गोल झाला की त्याचे शंभर होतात, हे तर जगभरच्या परिचारिकांना तोंडपाठ आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या दवाखान्यांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी संगणक घेतला त्यांच्या दर शंभर चिठ्ठ्यांमागे ४२.५ चुका होत्या, त्या वर्षभरात ६.६ वर आल्या. ज्यांनी घेतला नाही ते ३७.३ वरून ३८.४ वर, म्हणजे जिथल्या तिथे. आणि यात अक्षर न लागण्याच्या चुका धरलेल्याच नाहीत. त्या वेगळ्या मोजल्या होत्या: संगणक घेणाऱ्यांच्या आधी शंभर चिठ्ठ्यांमागे ८७.६, नंतर शून्य. एवढा फरक पाडणारी गोळी एखाद्या कंपनीकडे असती, तर तिच्या एमआरनं डॉक्टरांना सहकुटुंब बँकॉकला नेलं असतं.

पण उरलेल्या चुका कोणत्या जातीच्या असतात, ते बघायला डॉक्टरांच्या पडद्याजवळ जावं लागतं. औषधाचं नाव पूर्ण टाइप करायला वेळ कुणाला आहे? डॉक्टर 'एम-ई-टी' अशी तीन अक्षरं मारतात आणि खाली यादी उघडते: मेटफॉर्मिन, मेथोट्रेक्सेट, मेटोप्रोलॉल, मेट्रोनिडाझोल. पहिलं मधुमेहाचं, दुसरं संधिवाताचं, तिसरं रक्तदाबाचं आणि चौथं जुलाबाचं. चौघं एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहतात, आणि ओपीडीत चाळिसावा पेशंट आत आलेला असताना बोट एका ओळीनं खाली घसरायला काहीच लागत नाही. यातलं मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जिवावर बेततं. हाताने लिहिताना दिसायला सारखी औषधं एकमेकांत मिसळायची, संगणकावर बाराखडीतले शेजारी मिसळतात. फरक असा की पहिली चूक कागदावर चूक दिसायची, निदान गिचमिड तरी दिसायची. दुसरी दिसते कशी? ठळक टाइपात, दवाखान्याच्या रंगीत बोधचिन्हाखाली, मराठीत 'जेवणानंतर' असं छापून. काउंटरवरचा माणूस 'काय त्रास होतोय?' असं आता कशाला विचारेल? इतकी स्पष्ट चिठ्ठी त्याच्या हयातीत पहिल्यांदा आलेली असते. तो आनंदानं देऊन मोकळा होतो.

आणखी एक गोष्ट संगणकानं हिरावून घेतली, तिच्याकडे वैद्यकशास्त्राचं लक्ष गेलेलं दिसत नाही: मनगटाचा कंटाळा. पेनानं लिहिताना चौथ्या औषधाला हात अवघडायचा, पाचव्याला अक्षर ढेपाळायचं आणि सहावं राहून जायचं. औषधांच्या वाढत्या संख्येला एवढाच काय तो नैसर्गिक अडसर होता. आता 'सर्दी-ताप' नावाचा तयार साचा असतो. एक कळ दाबली की ताप, खोकला, ॲसिडिटी, ॲलर्जी आणि जीवनसत्त्व अशी पाच जणांची वरात कागदावर उतरते. पेशंटला ॲसिडिटी आहे का हे विचारायची जबाबदारी साच्यावर नसते. त्याहून गुणी कळ म्हणजे 'रिपीट'. मागच्या भेटीची चिठ्ठी जशीच्या तशी पुढे. तिच्या कृपेनं पावसाळ्यात दिलेलं खोकल्याचं औषध मे महिन्यापर्यंत चालू राहू शकतं, कारण ते बंद करायला कळ वेगळी दाबावी लागते, आणि चालू ठेवायला काहीच करावं लागत नाही.

यावर सॉफ्टवेअर विकणारे म्हणतात, 'सर, आमची सिस्टिम अलर्ट देते.' देते ना. शंका घ्यायचं काम माणसाकडून काढून यंत्राला दिलं की यंत्र इमानदारीनं प्रत्येक गोष्टीवर शंका घेतं. दोन औषधं एकत्र देताय, लाल चौकट. पेशंटचं वय पासष्टच्या वर, लाल चौकट. हॉलंडच्या संशोधकांनी २००६ साली वेगवेगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा डॉक्टर अशा सूचनांपैकी ४९ ते ९६ टक्के सूचना बाजूला सारून पुढे जातात असं दिसलं. डॉक्टरांचा हा निष्काळजीपणा म्हणावा, तर प्रत्येक चौकटीला मान देणारा डॉक्टर दुपारी दोनपर्यंत तीन पेशंट बघेल. जी शंका सगळ्यांवर घेतली जाते, ती कुणावरच घेतलेली नसते.

या सगळ्याचं एकत्र संमेलन २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयात भरलं. रॉबर्ट वॉक्टर या तिथल्याच डॉक्टरांनी दोन वर्षांनी आपल्या पुस्तकात ते सविस्तर मांडलं. सोळा वर्षांच्या मुलाला सेप्ट्रा नावाची साधी अँटिबायोटिकची गोळी द्यायची होती. एक गोळी. डॉक्टरांनी १६० हा आकडा टाकला, मिलिग्रॅम समजून. पडद्यावरचं एकक होतं दर किलो वजनामागे मिलिग्रॅम. मुलगा साडेअडतीस किलोच्या आसपासचा. संगणकानं गुणाकार केला आणि गोळ्या काढल्या साडेअडतीस. त्यानं अलर्टही दिला. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे बाजूला सारला. फार्मासिस्टनंही सारला. यंत्रमानवानं गोळ्या मोजून पाकिटात भरल्या, आणि तो इतका चोख की अर्धीसुद्धा विसरला नाही. परिचारिकेला मात्र शंका आली. एका वेळी साडेअडतीस गोळ्या? तिनं बारकोड तपासला. बारकोड म्हणाला, बरोबर आहे. तिनं दिल्या, मुलानं गिळल्या. त्याला मोठा झटका आला, पण तो वाचला. या कहाणीत अक्षर कुठेही खराब नाही. पेनानं 'साडेअडतीस गोळ्या, एकदम' असं लिहायला बसलेला डॉक्टर 'अडतीस'वरच थबकला असता, आणि नाही थबकला, तर काउंटरवरचा माणूस हसता हसता खाली बसला असता.

डॉक्टरांचे संगणकावरचे आक्षेप याहून निराळे असतात, आणि ते बहुतेक लंगडे आहेत. म्हणे वेळ जातो. जातो, पहिले काही महिने, आणि नंतर 'रिपीट'च्या कळेनं तो व्याजासकट वसूल होतो. म्हणे डॉक्टर पेशंटकडे न बघता पडद्याकडे बघतात. पॅडवर लिहितानाही ते पेशंटकडे बघत नव्हतेच, फक्त पूर्वी पेशंटला त्यांचं टक्कल दिसायचं, आता चेहऱ्याची एक बाजू दिसते. म्हणे लाइट गेली तर. तर पॅड आहेच, ते कुठे मेलंय. सगळ्यात गमतीचा आक्षेप हा की औषधाचं नाव वाचता आलं की पेशंट गुगल करतो आणि पुढच्या वेळी डॉक्टरकडे न येता स्वतःच आणून घेतो. तो आताही तेच करतो. त्याला चिठ्ठी लागत नाही. तो रिकामी स्ट्रिप खिशात घालून मेडिकलमध्ये जातो आणि म्हणतो, 'हीच द्या, दहा.' चांदीच्या कागदावर नाव छापलेलंच असतं, कॅपिटलमध्ये. वैद्यक परिषदेचा नियम सर्वांत काटेकोरपणे स्ट्रिपच पाळते आहे.

एक आक्षेप मात्र खरा आहे, तो कुणी घेत नाही. आपल्याकडे बहुतेक दवाखान्यांत 'ई' फक्त प्रिंटरपर्यंत जातो. एस्टोनियात २०१० पासून डॉक्टरांनी चिठ्ठी संगणकावर टाकली की ती कुठल्याही औषधदुकानात दिसते. रुग्णानं जायचं आणि ओळखपत्र दाखवायचं. आपल्याकडे चिठ्ठी संगणकावर लिहिली जाते, कागदावर छापली जाते, तिच्यावर पेनानं सही होते, शिक्का बसतो, पेशंट तिची घडी घालतो, बाहेर पडून तिचा फोटो काढतो आणि व्हॉट्सॲपवर हडपसरच्या मुलाला पाठवतो, 'येताना घेऊन ये' म्हणून. मुलगा तो मोबाइल काउंटरवर धरतो, आणि दुकानदार दोन बोटांनी फोटो मोठा करून तीच नावं आपल्या बिलिंगच्या संगणकात पुन्हा टाइप करतो. म्हणजे इथंही 'एम-ई-टी', इथंही तीच यादी, आणि घसरायला दुसरं बोट. या द्राविडी प्राणायामात सगळ्यात इलेक्ट्रॉनिक टप्पा मुलाच्या व्हॉट्सॲपचा. २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक तत्त्वांनी दूरच्या तपासणीसाठी सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो चालेल असं मान्य केल्यामुळे निदान त्या बाबतीत हा टप्पा कायदेशीरही आहे.

मग शंकेची नेमणूक कुठे करायची? माझ्या मते उत्तर त्या काकांनीच दिलंय. औषधापुढे ते कशासाठी आहे, हे एका शब्दात छापा: 'शुगर', 'रक्तदाब', 'गुडघेदुखी'. मग मेथोट्रेक्सेटपुढे 'शुगर' दिसलं की काउंटरवरचा माणूस थांबेल, तो नाही थांबला तर घरी सून थांबेल. आपला कायदा हा शब्द मागत नाही. १९४५ च्या औषध नियमांतला ६५ वा नियम चिठ्ठीवर डॉक्टरची सही, तारीख, रुग्णाचं नाव-पत्ता, औषधाचं प्रमाण आणि मात्रा मागतो. औषध जनावराचं असेल तर मालकाचं नाव-पत्ता मागतो. म्हैस कुणाची हे कायद्याला हवंय, म्हशीला काय झालंय हे नकोय.

कुणी म्हणेल, कारणाची चौकट सक्तीची केली की डॉक्टर तिच्यात टिंब टाइप करून पुढे जातील. जातील, नक्की जातील. म्हणून क्रम उलटा हवा: आधी कारण, मग औषधांची यादी, आणि यादीत त्या कारणाचीच औषधं. 'शुगर' टाइप केल्यावर यादीत मेटोप्रोलॉल येणारच नाही, आणि टिंब टाइप केलं तर काहीच येणार नाही. लाल चौकटीसारखं हे कुणावर डाफरतही नाही. नुसतं शेजाऱ्यांना वेगवेगळ्या गल्लीत राहायला पाठवतं. दुसरा आक्षेप गुप्ततेचा, आणि तो मोलाचा आहे. मनाचे आजार, एचआयव्ही, अशा बाबतीत कारण छापायचं की नाही हे पेशंटनं ठरवावं. डॉक्टरांच्या संगणकात ते असलं तरी यादी गाळायचं काम होतं. बाकीच्या दुखण्यांबद्दल गुप्ततेची काळजी करायला उशीर झालाय. औषध खाकी पिशवीत घालून, वर स्टेपल मारून, ती पिशवी उंच धरून सहा गिऱ्हाइकांदेखत 'मूळव्याधीचं मलम कुणाचं?' असा पुकारा करणं, ही आपली प्रचलित पद्धत आहे. त्यावर सगळे एकमेकांकडे बघतात, कुणीही हात पुढे करत नाही, आणि शेवटी मागच्या रांगेतून एक आजी म्हणते, 'अहो, पण मला डोळ्यात घालायचं हवं होतं.'